सम, विषम आणि ‘सगळ्या तपासल्या का?’



संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, ‘सम आणि विषम संख्या’. पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, “सर, व्याख्यान मोठ्यांसाठी आहे हं.” (हशा) हो, मोठ्यांसाठीच आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. गणित हा आमचा पेशा नाही. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण घरातलंच आहे. ते आधी सांगतो.

आमची नात पाचवीत आहे. तिला परीक्षेत प्रश्न होता : ‘५१ ही मूळ संख्या आहे का? कारण लिहा.’ तिने लिहिलं, ‘हो. ५१ विषम आहे म्हणून तिला भाग जात नाही.’ गुण शून्य. घरी आली ती रडवेली होऊन. तिचं म्हणणं काय? लग्नाला जाताना आजीच पाकिटात ५१ रुपये घालते, आणि सांगते की आहेर विषम आकड्याचा करावा, त्याचे भाग पडत नाहीत. मग चुकलं काय?

आम्ही तिला समजावलं. सतरा त्रिक एक्कावन्न. म्हणजे ५१ चे तीन सारखे भाग पडतात. आजीचं म्हणणं दोन भागांपुरतं खरं आहे, सगळ्या भागांना ते लागू नाही. तिला पटलं. इथे थांबायला हवं होतं, पण मास्तराची जात! आम्ही पुढे गेलो. म्हटलं, लक्षात ठेव, विषम अधिक विषम नेहमी सम. विषम गुणिले विषम नेहमी विषम. तर तिने विचारलं, “नेहमी? पण आबा, संख्या तर संपतच नाहीत. सगळ्या तपासल्या का कोणी?”

आणि आम्ही काय उत्तर दिलं असेल? “अगं, असतंच ते तसं. पाठ करून टाक.”

तिने वही मिटली आणि ती खेळायला गेली. रात्री आम्हाला झोप लागेना. शाळेत असताना आम्हीही असाच एक प्रश्न विचारला होता : शेवटचा अंक बघून अख्खी संख्या सम की विषम हे कसं काय कळतं? त्या मास्तरांनी उत्तराऐवजी हातावर पट्टी दिली होती. गणिताशी आमचं बिनसलं ते तेव्हापासून. आणि जन्मभर तर्कशास्त्र शिकवून झाल्यावर आम्ही नातीला तेच उत्तर दिलं, फक्त पट्टी नव्हती. तेव्हा आजचं व्याख्यान हे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

एकी की बेकी

चिंचोक्यांचा खेळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी खेळला असेल. मुठीत चिंचोके घ्यायचे आणि समोरच्याला विचारायचं, “एकी की बेकी?” उत्तर आलं की मूठ उघडायची आणि दोन-दोन चिंचोके बाजूला काढत जायचं. शेवटी काही उरलं नाही तर बेकी. एक उरला तर एकी.

सम-विषमाची पूर्ण व्याख्या एवढ्या खेळात आहे. जिच्या जोड्या लावल्यावर काही उरत नाही ती सम, जिच्यात एक उरतो ती विषम. दोन उरणार नाहीत, कारण उरलेल्या दोहोंची आणखी एक जोडी होईल. गणिताच्या भाषेत, सम म्हणजे कशाची तरी दुप्पट, विषम म्हणजे कशाची तरी दुप्पट अधिक एक. या व्याख्येत अंकांचा, लिहिण्याचा काही संबंध आला का? नाही आला. ज्याला एक ते दहा लिहिता येत नाहीत त्यालाही एकी-बेकी खेळता येतं.

शेवटचा अंक

मग शाळेत आपण शेवटचा अंक का बघतो? त्याचं कारण संख्येच्या स्वभावात नाही, आपल्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आपण दहा-दहाचे गठ्ठे बांधून मोजतो. दहा स्वतः सम. म्हणून दहाचे कितीही गठ्ठे घ्या, शंभराचे घ्या, हजाराचे घ्या, त्यांच्या जोड्या आतल्या आत लागून जातात. प्रश्न उरतो तो गठ्ठ्याबाहेरच्या सुट्यांचा, म्हणजे एककाचा. म्हणून ३,७४८ मधल्या ८ कडे बघितलं की पुरतं.

आता कल्पना करा, की आपण नवा-नवाचे गठ्ठे बांधणारे लोक आहोत. अकरा आंबे आहेत. एक गठ्ठा नवाचा आणि दोन सुटे. आपण लिहिणार १२. शेवटी २ आहे, पण आंबे अकराच आहेत, आणि अकरा विषम! त्या देशात शेवटचा अंक बघणारा माणूस फसेल. तिथे सगळ्या अंकांची बेरीज करावी लागेल, कारण नवाचा प्रत्येक गठ्ठा जोड्या लावल्यावर एक-एक उरवणार. १ अधिक २, तीन. विषम. बरोबर.

बाकीच्या कसोट्याही अशाच उलगडतात. ४ ने भाग जातो का हे बघायला शेवटचे दोन अंक पुरतात, कारण १०० ला ४ ने भाग जातो. ८ साठी तीन अंक, कारण १००० ला ८ ने भाग जातो. ३ आणि ९ साठी अंकांची बेरीज, कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की दरवेळी १ उरतो. ५१ ची बेरीज ६, सहाला ३ ने भाग जातो, म्हणून ५१ लाही. नातीला ही कसोटी पाठ होती. पण ‘विषम आहे म्हणजे भाग जाणारच नाही’ असं मनात धरल्यामुळे तिने ती वापरलीच नाही.

अवयव

आता अवयवांकडे येऊ. आताच्या पुस्तकांत त्यांना विभाजकही म्हणतात. ज्या संख्येने निःशेष भाग जातो, बाकी शून्य उरते, ती संख्या.

पहिली गोष्ट. विषम संख्येचे सगळे अवयव विषमच असतात. ४५ घ्या : १, ३, ५, ९, १५, ४५. एकही सम नाही. का? समजा एखादा अवयव सम निघाला. म्हणजे ४५ चिंचोके सम संख्येच्या ढिगांत वाटले गेले. प्रत्येक ढिगात जोड्या पूर्ण लागतात. मग सगळ्या मिळूनही पूर्ण लागतील आणि ४५ सम होईल. तसं तर नाही.

दुसरी गोष्ट. हे उलट बाजूने खरं नाही. सम संख्येचे अवयव समच असतात असं नाही. १२ चे अवयव १, २, ३, ४, ६, १२. त्यात १ आणि ३ विषम आहेत. सम संख्येला अर्धं करत जा : ९६, ४८, २४, १२, ६, ३. तीनपाशी थांबावं लागलं. कोणतीही संख्या घ्या, ती अशी काही दोन आणि एक विषम गाभा यांचा गुणाकार असते. विषम संख्येत हे दोन नसतात, ती सगळी गाभाच असते. १६ सारख्या संख्येत गाभा फक्त १ असतो.

तिसरी गोष्ट म्हणजे नातीची चूक. २ सोडून सगळ्या मूळ संख्या विषम आहेत, हे खरं. त्यावरून सगळ्या विषम संख्या मूळ आहेत, हे खोटं. ९, १५, २१, ५१, ९१ बघा. ९१ म्हणजे सात गुणिले तेरा. आहेराचे आकडे तपासा : ११ आणि १०१ मूळ आहेत. २१ म्हणजे ३ गुणिले ७, ५०१ म्हणजे ३ गुणिले १६७, आणि १००१ म्हणजे ७ गुणिले ११ गुणिले १३. १००१ चा आहेर तर तीन प्रकारांनी वाटता येतो! (हशा)

तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही चूक ओळखीची वाटेल. न्यायदर्शनात नेहमीचं उदाहरण आहे : जिथे धूर तिथे अग्नी. पण जिथे अग्नी तिथे धूर, असं म्हणता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. आमच्या नातीच्या उत्तरपत्रिकेतला तो लोखंडी गोळा म्हणजे ५१.

चार्वाकाची शंका

आता तिच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘सगळ्या तपासल्या का?’ मंडळी, हा पाचवीतल्या मुलीचा प्रश्न आहेच, पण तो फार जुनाही आहे. १४व्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला. त्याचं पहिलं प्रकरण चार्वाकांवर आहे. तिथे चार्वाक साधारण हेच विचारतो. जिथे धूर तिथे अग्नी, असं तुम्ही म्हणता. पण होऊन गेलेले धूर, पुढे होणारे धूर, दूरदेशीचे धूर, तुम्ही पाहिलेत का? नाही पाहिलेत, मग ‘सर्व’ हा शब्द कुठून आणलात?

नैयायिकांनी याला उत्तरं दिली, वाद शतकानुशतकं चालला. त्यात आज शिरत नाही. धूर-अग्नीच्या बाबतीत चार्वाकाची शंका झटकून टाकणं सोपं नाही, एवढं मात्र आम्ही प्रामाणिकपणे सांगू. पण एकी-बेकीच्या बाबतीत तिचं उत्तर देता येतं, आणि तेही चिंचोक्यांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नातीपुढे चिंचोक्यांचा डबा ठेवला. विषम अधिक विषम करायचं होतं. तिने दोन ढीग केले, दोन्हींत जोड्या लावल्या. इकडे एक उरला, तिकडे एक उरला. ती म्हणाली, “या दोन उरलेल्यांची जोडी झाली.” झालं! दोन्ही ढिगांत चिंचोके किती होते हे आम्ही मोजलंसुद्धा नव्हतं.

मग गुणाकार. सात-सात चिंचोक्यांच्या पाच ओळी मांडल्या. पहिली ओळ दुसरीशी जोडली, समोरासमोरचा चिंचोका समोरच्याबरोबर. तिसरी चौथीशी. पाचवी ओळ एकटी पडली. तिच्यात सात चिंचोके, जोड्या लावल्या, एक उरला. म्हणून पाच गुणिले सात विषम. आता विचार करा, यात पाच आणि सात यांचं काय काम होतं? काहीच नाही. ओळी विषम होत्या आणि प्रत्येक ओळीतले चिंचोके विषम होते, एवढंच वापरलं. पाच लाख तीन ओळी असत्या तरी शेवटी एकच ओळ एकटी पडली असती आणि तिच्यात एकच चिंचोका उरला असता.

इथे आपण सगळ्या संख्या तपासत बसलो नाही. ‘विषम’ या शब्दाचा अर्थ तपासला, आणि तो अर्थ ज्या ज्या संख्येला लागू पडतो त्या सगळ्या आपोआप त्यात आल्या. चार्वाकाला हवा असलेला ‘सर्व’ इथे हक्काने म्हणता येतो. सिद्धता म्हणतात ती हीच.

इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास युक्लिडने ‘एलिमेंट्स’ लिहिलं. भूमितीसाठी ते प्रसिद्ध आहे, पण त्याचा सातवा, आठवा आणि नववा भाग संख्यांवर आहे. नवव्या भागात २१ ते ३४ ही विधानं सम-विषमाचीच. विषम गुणिले विषम विषम, हे त्यात आहे. आणि एक अवयवांचं सुंदर विधान आहे : विषम संख्येने एखाद्या सम संख्येला भाग जात असेल, तर त्या सम संख्येच्या निम्म्यालाही जातो. ३ ने १२ ला जातो, मग ६ लाही जाणारच. आपण वर जो गाभा पाहिला, त्याचंच हे दुसरं रूप. अर्धं केल्याने दोन कमी होतात, विषम गाभा तसाच राहतो.

एकाने चुकलेलं गणित

एवढ्याशा गोष्टीतून मिळतं काय, असं कोणी म्हणेल. एक उदाहरण देतो.

चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण यांचं नातं काय? बौधायन शुल्बसूत्रात यज्ञवेदी मांडण्यासाठी एक नियम आहे. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. हिशोब केला तर बाजू ४०८ असताना कर्ण ५७७ येतो. किती जवळचं उत्तर आहे बघा. कर्णाचा वर्ग बाजूच्या वर्गाच्या दुप्पट असायला हवा. ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३,३२,९२८. फक्त एकाने चुकलं!

मनात येतं, आणखी थोडे कष्ट घेतले असते तर तो एकही गेला असता. दुसरा एखादा अपूर्णांक तंतोतंत बसला असता. तर नाही. कधीच बसणार नाही, आणि हे सम-विषमावरून कळतं. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात घ्या, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही सम नाहीत. आता दोनच शक्यता. अंश विषम असेल, तर त्याचा वर्ग विषम, कारण विषम गुणिले विषम. दुसऱ्या बाजूला छेदाच्या वर्गाची दुप्पट, ती सम. विषम आणि सम सारखे होणार नाहीत. बौधायनाचं ५७७ याच खान्यातलं आहे, म्हणून तिथे निदान एकाचा फरक पडणं अटळ होतं. आता दुसरी शक्यता : अंश सम, मग छेद विषम. अंशाच्या वर्गाला ४ ने भाग जातो. पण विषमाच्या वर्गाची दुप्पट म्हणजे एका विषम संख्येची दुप्पट. तिला २ ने भाग जातो, ४ ने जात नाही. इथेही जुळत नाही. तिसरी शक्यता नाही.

म्हणजे २ चं वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकाने लिहिता येत नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या तर्कशास्त्रात हेच उदाहरण घेतलं आहे : बाजू आणि कर्ण एकाच मापाने मोजता येतात असं मानलं, तर विषम संख्या समाबरोबर होऊन बसते. आम्ही कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं आणि पट्टी खाल्लेला हात आठवला. एकी-बेकी कळली तर इथपर्यंत पोहोचता येतं, हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर!

जिथे अजून तपासणीच चालू आहे

आता दुसरी बाजू. १७४२ साली गोल्डबाख याने ऑयलरशी पत्रव्यवहार करताना एक अंदाज मांडला. आज तो असा सांगतात : २ पेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. १० म्हणजे ३ अधिक ७. १०० म्हणजे ३ अधिक ९७. संगणकांनी ४ वर १८ शून्यं एवढ्या मोठ्या संख्येपर्यंत तपासलं आहे, एकही अपवाद नाही. तरी आजही गणिती त्याला अंदाजच म्हणतात. इथे चार्वाक अजून ठाण मांडून बसला आहे.

हा नुसता हट्ट नाही. गोल्डबाखचाच दुसरा एक अंदाज होता, विषम संख्यांचा. प्रत्येक विषम संयुक्त संख्या म्हणजे एक मूळ संख्या अधिक एखाद्या वर्गाची दुप्पट. ९ म्हणजे ७ अधिक २. आपली ५१ म्हणजे ४३ अधिक ८. तपासत जा, जमतच जातं. हजारो संख्यांपर्यंत जमतं. पण १९व्या शतकात स्टर्न नावाच्या जर्मन गणितज्ञाच्या तपासणीत ५७७७ सापडली, आणि मग ५९९३. या दोहोंना ते जमत नाही. पाच हजारापर्यंत तपासून ज्याने ‘नेहमी’ म्हटलं असतं, तो फसला असता.

म्हणून ‘पुष्कळ वेळा पाहिलं’ आणि ‘का ते कळलं’ यांत फरक करायला आपण शिकलं पाहिजे. जगातल्या बहुतेक गोष्टींत पुष्कळ वेळा पाहणं एवढंच आपल्या हाती असतं, त्यावरच चालावं लागतं. पण जिथे ‘का’ कळू शकतं, तिथे मुलांना ‘पाठ कर’ म्हणून सांगणं म्हणजे त्यांच्या हक्काचं काढून घेणं आहे. आम्ही ते केलं, म्हणून सांगतो.

प्रश्नोत्तरे

*शून्य सम की विषम?*

सम. मूठ रिकामी आहे. जोड्या शून्य लागल्या, उरलं काही नाही. व्याख्या एवढंच मागते. दिल्लीत २०१६ साली गाड्यांसाठी सम-विषम योजना आली, तेव्हा ० ने संपणारे क्रमांक समात धरले होते, ते बरोबरच होतं. तारखांचं मात्र जपून. आपल्याकडे सम-विषम तारखांचं पार्किंग असतं. ३१ नंतर १ येते, आणि दोन्ही विषम! त्या दिवशी जागा बदलली तर दंड भरावा लागेल. (हशा)

*आपल्या परंपरेत सम-विषमाचा असा उपयोग कुठे केलेला दिसतो?*

पिंगलाच्या छंदःशास्त्रात. शाळेत तुम्ही गण शिकलात : म, य, र, स, त, ज, भ, न, असे आठ. समजा पाचवा गण विसरलात. पिंगलाची रीत अशी : संख्या सम असेल तर लघु लिहा आणि निम्मी करा. विषम असेल तर गुरु लिहा, एक मिळवा आणि निम्मी करा. पाच विषम, म्हणून गुरु. सहाचे निम्मे तीन, विषम, म्हणून गुरु. चाराचे निम्मे दोन, सम, म्हणून लघु. गुरु, गुरु, लघु. हा त गण, आणि पाचवा तोच. घरी जाऊन सहावा करून बघा.

*मी प्राथमिक शाळेत शिकवते. वर्गात पन्नास मुलं असतात. प्रत्येकाचं ‘का’ ऐकायला वेळ कुठून आणू?*

बाई, तुमची अडचण खरी आहे. आम्हाला घरात एकच नात होती, तरी आम्ही चुकलो. प्रत्येक नियमाचं कारण रोज सांगता येणार नाही. पण एवढं करता येईल : वेळ नसेल तेव्हा ‘असतंच तसं’ न म्हणता ‘याला कारण आहे, शनिवारी बघू’ असं म्हणा. आणि शनिवारी मूठभर चिंचोके घेऊन जा.